बाद मालातलं सिलिंडर

आमच्या खोऱ्यात दुकानातून बंदूक विकत घेतो तो एक तर मिलानहून आलेला असतो, नाहीतर त्याचं नात्यागोत्यात कुणी उरलेलं नसतं. मेल्ला नदीच्या दोन्ही काठांना कारखाने, आणि घरटी एक तरी माणूस नळीवर नाहीतर दस्त्यावर हात चालवणारा. चाप हवा तर मामेभावाला सांगायचं, दस्ता हवा तर शेजारणीच्या नवऱ्याला. हे काही फार मिरवण्यासारखं नाही. याच खोडीनं बोर्तोलो तांपीनीचं वाटोळं केलं, आणि त्याच्याहून जास्त त्याच्या पोरीचं.

बोर्तोलोचं सगळं आयुष्य गार्दोनेतल्या एका कारखान्यात गेलं. जुन्या अमेरिकी धाटणीची ठासणीची रिव्हॉल्व्हरं तिथं बनतात आणि जगभर जातात. त्याच्याकडे जुळणीचं काम. घोडा मागं ओढला की सिलिंडर, म्हणजे दारू-गोळी भरायचा तो सहा घरांचा लोखंडी गोल, बरोबर एक घर पुढं सरकला पाहिजे आणि नळीच्या तोंडासमोर येऊन गच्च थांबला पाहिजे. केसभर इकडंतिकडं झालं की गोळी कडेला घासलीच. ते सरकणं आणि थांबणं बोर्तोलो कानशीनं जुळवून द्यायचा. कानशीनं बोटांच्या घड्या काळ्या पडल्या त्या कायमच्या, आणि कारखान्याच्या गोंगाटात डावा कान गेला. स्वभावानं एकदम घुमा. बायको जाकोमिना होती तोवर घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. ती गेली, तेव्हा बोर्तोलो निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि घरात बोलणं असं उरलंच नाही.

नीवेस ही त्यांची एकुलती मुलगी. ती नक्षीकाम करायची. पैसेवाल्यांच्या शिकारी बंदुकांच्या पोलादावर तितर, कुत्री, ओकची पानं कोरायची. भिंगाखाली बसायचं, कोरणीची मूठ तळहातात धरायची आणि अंगठ्यानं तिला आवरत पुढं ढकलायचं. अंगठा जरा ढळला की आठवड्याचं काम मातीत. तिचा अंगठा ढळायचा नाही, म्हणून मालक तिला जपून होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिचं लग्न मोडलं आणि ती दोन पेट्या घेऊन बापाच्या दारात उभी राहिली. बोर्तोलोनं विचारलं काहीच नाही. वरची खोली झाडून घे, एवढंच म्हणाला. त्यानंतर बाप-लेक रोज रात्री टीव्हीकडे तोंड करून जेवायचे आणि आपापल्या खोलीत जायचे. असं दोन हिवाळे चाललं.

मग कुणा मैत्रिणीबरोबर ती नेमबाजी मंडळात गेली. तिथं कुणीतरी तिच्या हातात ठासणीचं रिव्हॉल्व्हर दिलं. सावकाश भरायचं, सावकाश नेम धरायचा, एक बार, धूर, मग परत शांतपणे पुढचा. दिवसभर भिंगाखाली बसणाऱ्या बाईला ते न आवडतं तरच नवल. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, मला एक घ्यायचंय, निशाणावर मारायला. कुठलं घेऊ?

बोर्तोलोनं टीव्ही बंद केला. लग्न का मोडलं हे ज्यानं दोन वर्षांत विचारलं नव्हतं, त्यानं त्या रात्री प्रश्नांची फैर झाडली. एका हातानं मारणार ना? हात किती वेळ स्थिर राहतो? डोळा कुठला? आणि मग त्यानं पोरीला रिव्हॉल्व्हर कसं निवडायचं ते सांगितलं. पितळेच्या चौकटीचं हातात धरायचं नाही, ते चकाकतं म्हणून लोक भुलतात, थोडे बार झाले की ढिलं होतं, ते भिंतीवर टांगायला ठीक. वरून उघड्या चौकटीचं देखणं असतं, हातात बसतंही झकास, पण त्याची नेम धरायची मागची खाच घोड्याच्या डोक्यावर असते, घोडा हलला की नेम हलला. निशाणावर मारायचं तर सिलिंडरच्या वरून पोलादी पट्टी गेलेलं, बंद चौकटीचंच घ्यावं. नीवेस म्हणाली, तेच बघून आलेय. ब्रेशियाच्या दुकानात एक आहे, खास नेमबाजांसाठी केलेलं, नेम स्क्रूनं हलवता येतो, सरकारी चाचणीचे शिक्के आहेत, कागद आहेत.

दुकान म्हटल्याबरोबर बोर्तोलोनं नाक मुरडलं.

"माझ्या पोरीनं दुकानातून आणायचं? मग मी तिथं जन्म घालवला तो कशाला?"

त्यानं कपाटातून आपलं जुनं रिव्हॉल्व्हर काढलं. बंद चौकटीचं, पोलादी, लांब नळीचं, परवान्यावर नोंदलेलं. जुळणी त्याच्याच हातची. खोट एकच होती. सिलिंडरची घरं नळीपेक्षा किंचित अरुंद होती. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिशाची गोळी दट्ट्यानं घरात दाबतात तेव्हा तिची कड तासली जाते. घर अरुंद असेल तर गोळी बारीक होते, नळीत सैल जाते आणि नेम फाकतो. कारखान्याच्या बहुतेक मालात हे असतंच. रीतसर उपाय म्हणजे चांगल्या कारागिराकडून घरं मोठी करून घ्यायची आणि सिलिंडर पुन्हा सरकारी चाचणीघरातून शिक्का मारून आणायचं. तोवर दोन-तीन महिने हात चोळत बसायचं. बोर्तोलो म्हणाला, तू त्याची काळजी करू नकोस, मी बघतो.

तळघरात त्याची एक पेटी होती. तशी पेटी आमच्याकडे घरोघरी सापडेल. कारखान्यात बाद ठरलेला माल वितळवायला जातो. पण जाताजाता एखादा नग जेवणाच्या डब्यात उतरतो. कुणी याला चोरी म्हणेल, आमच्याकडे तसा शब्द कुणी वापरत नाही. एकदा भोकं पाडायचं हत्यार चुकीची धार लागून आलं आणि ताटभर सिलिंडरांची घरं केसभर मोठी झाली. सगळी बाद झाली, शिक्क्यापर्यंत पोचलीच नाहीत. कारखान्याच्या लेखी भंगार, पण नेमबाजाला नेमकं तेवढंच मोठं घर हवं असतं. बोर्तोलोनं ते तेव्हाच ओळखलं होतं आणि त्यातलं एक घरी आणलं होतं. इथपर्यंत त्याचं काही चुकलं नव्हतं, हे लक्षात असू द्या. माल भंगारातला असेल, निवड पक्की होती.

ते सिलिंडर जुन्या चौकटीत बसवायला बरेच दिवस लागले. जेवण झालं की दोघं तळघरात उतरायची. तो कानस चालवायचा, ती दिवा धरायची. आधी दिवा जरा डावीकडे घे, एवढंच बोलणं. मग हळूहळू दुसरंही निघायला लागलं. नीवेस नवऱ्याबद्दल बोलली, कसं सगळं विस्कटत गेलं ते पहिल्यापासून सांगितलं. बोर्तोलोनं मान वर न करता सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाला, गाढव होता तो. पोरगी हसली. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं होतं! बोर्तोलोची कानस तिथंच थांबली, आणि खरं सांगायचं तर त्याला वाटलं, हे काम संपूच नये.

काम संपायला आलं त्या संध्याकाळी नीवेसनं सिलिंडर हातात घेऊन दिव्याखाली फिरवलं. रोज पोलाद बघणारी बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार?

"पपा, यावर शिक्का नाहीये."

"चौकटीवर आहे. नळीवर आहे."

"फुटतं ते आधी सिलिंडरच ना?"

बोर्तोलोनं कानस खाली ठेवली. चाचणीघरात पाठवावं तर पहिला प्रश्न, हे आलं कुठून? मग कारखान्याचं नाव निघणार, पेटी निघणार, जन्मभराची इभ्रत चव्हाट्यावर येणार. तो म्हणाला, मी करतो चाचणी. तिथं तरी वेगळं काय करतात? जास्तीची दारू घालून बार काढतात, टिकलं तर शिक्का. नीवेसनं त्याच्याकडे पाहिलं, सिलिंडर टेबलावर ठेवलं आणि बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर डोंगरात लोखंडाच्या जुन्या खाणीपाशी गेला. आता तिथं शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नाही. त्यानं रिव्हॉल्व्हर एका टायरला बांधलं, चापाला दोरी लावली आणि स्वतः खडकाआड बसला. नेमबाजीला दारू एवढीशीच लागते, वर पोकळी भरायला बारीक रवा घालतात, मग गोळी. त्यानं रवा घातलाच नाही. घर दारूनं काठोकाठ भरलं आणि गोळी दाबून बसवली. एकेक करून सहाही घरं उडवली. कडे घुमले, शेळ्या पांगल्या. सिलिंडर धुऊन मापलं, कुठं वाढलं नव्हतं. झालं तर मग! आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की एकदा जास्तीच्या बाराला जे टिकलं ते जन्मभर टिकलं.

पण घरी येऊन त्याला चैन पडेना. जेवताना समोर पोरगी बसायची आणि त्याला रिव्हॉल्व्हरच्या मागं तिचा चेहरा दिसायचा. शिक्का असता तर ती जबाबदारी दुसऱ्या कुणाची असती. इथं शिक्का म्हणजे तो स्वतः, आणि त्याचा स्वतःवरचा भरवसा रात्री पाठ टेकली की उडून जायचा. आठवड्यानं तो परत खाणीपाशी गेला आणि परत सहाही घरं काठोकाठ भरून उडवली. टिकलं. तेवढ्यानंही भागेना. मग ओळखीच्या एका शिकाऱ्याकडून पिठासारखी बारीक दारू मिळवली, जी भसकन पेटते आणि पोलादाला खरा धक्का देते, आणि तिसऱ्यांदा वर गेला. तेही सोसलं. मग कुठं बोर्तोलोच्या जिवाला शांतता आली. घरी येऊन त्यानं रिव्हॉल्व्हर पोरीच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, झालीय चाचणी. किती वेळा, ते सांगितलं नाही.

मंडळात कुणी शिक्का बघितला नाही. बोर्तोलोच्या हातची जुळणी म्हटल्यावर देखरेख करणाऱ्या ओरेस्तेनं नुसतं परवान्यावरचा नंबर ताडून पाहिला आणि वरून टोमणा मारला, तांपीनीच्या घरचा घोडा आहे, लाथ नाही मारणार. रिव्हॉल्व्हर होतंच तसं. पहिल्याच महिन्यात नीवेसच्या गोळ्या निशाणाच्या काळ्या वर्तुळात अशा दाटीनं बसू लागल्या की शेजारी मारणारे आपलं सोडून तिचं बघायला यायचे. बोर्तोलो दर रविवारी तिच्याबरोबर जायचा. मागं काचेआड बसून ग्राप्पाचं कडक मद्य घातलेली कॉफी प्यायचा आणि कुणी विचारलंच तर पोरीबद्दल बोलायचं सोडून सिलिंडरच्या मापाबद्दल बोलायचा. उन्हाळ्यात ती प्रांताच्या सामन्यात दुसरी आली. निशाणाचा कागद त्यानं स्वयंपाकघरात जाकोमिनाच्या फोटोखाली चिकटवला. घरी सळईवरचं मांस भाजलं, शेजारी बोलावले. म्हातारा दोन पेले जास्त प्याला आणि शेजाऱ्यांच्या देखत पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून बसला. ती चौथीत असताना शेवटचा फिरवला असेल.

नोव्हेंबरात एका रविवारी, रोजचीच एवढीशी दारू, वर रवा, वर गोळी, सगळं नेहमीचं. नीवेसनं दोन बार काढले. तिसऱ्याचा आवाज वेगळा आला. बोर्तोलोच्या एका कानालाही तो कळला. धुरातून ओरेस्ते थांबा, थांबा म्हणून ओरडला. नीवेस उभीच होती, चष्म्यानं डोळे वाचले होते. रिव्हॉल्व्हरची वरची पट्टी कमानीसारखी वर उचलली होती, सिलिंडरची एक बाजू नव्हतीच. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं आणि अंगठ्याच्या मुळापासून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. ती मागं वळून काचेकडे बघत होती.

बोर्तोलो धावत आला. वाटेत त्याच्या पायाशी सिलिंडरचा फुटका तुकडा होता. तो वाकला, त्यानं तुकडा उचलला आणि उजेडाकडे धरला.

जन्मभर ज्यानं पोलाद पाहिलं त्याचा हात आधी तिकडं गेला. कुणी काहीही म्हणो, त्यानं ठरवून केलं नव्हतं. तुकड्याची तुटलेली कड अर्धी लख्ख होती आणि अर्धी काळी. लख्ख भाग आत्ताचा. काळा भाग जुना, आतल्या बाजूनं आधीच चिरलेला, महिनोन्महिने दारूची काजळी आत जाऊन बसलेला. चीर होती ती सिलिंडर अडवायच्या खाचेखाली, जिथं भिंत सगळ्यांत पातळ असते. बोर्तोलोला क्षणात कळलं. हिच्या चिमूटभर दारूनं अशी चीर पडत नाही. ती खाणीपाशी पडली होती, त्याच्या हातानं, दुसऱ्या वेळी नाहीतर तिसऱ्या. त्यानं मान वर केली तेव्हा नीवेस त्याच्याकडेच बघत होती. ओरेस्ते तिचा हात आपल्या शर्टानं बांधत होता.

ब्रेशियाच्या इस्पितळात अंगठ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, पण स्नायूची दोरी तुटली ती पुन्हा नीट जुळली नाही. अंगठा वाकेना, आणि त्याच्या टोकाला काही कळेना. नीवेसनं महिनाभर घरी शिशाच्या पट्टीवर कोरणी चालवून पाहिली. एक साधी सरळ रेघ धड उमटेना. एका सकाळी तिनं सगळ्या कोरण्या फडक्यात गुंडाळल्या आणि कारखान्यातल्या मैत्रिणीला देऊन आली. मालक भला होता, त्यानं तिला पॅकिंगच्या टेबलावर घेतलं. दुसऱ्यांनी कोरलेल्या बंदुका ती आता खोक्यात भरते. बोर्तोलोचा परवाना गेला, कोर्टात दंड झाला, पेटी जप्त झाली. गावानं त्याला काही म्हटलं नाही. पण पूर्वी जुळणीचं काही अडलं की त्याचं दार वाजायचं, ते वाजायचं बंद झालं. ओरेस्ते रस्त्यात दिसला की घड्याळात बघत पुढं जायचा. बोर्तोलोचा त्याच्यावर राग नव्हता.

घरात पुन्हा टीव्ही सुरू झाला. तीच दोन माणसं, तेच टेबल. निशाणाचा कागद कुणीतरी काढून टाकला होता, आणि दोघांपैकी कुणी काढला हे दुसऱ्यानं विचारलं नाही. पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत एका दुपारी बाहेर ओला बर्फ पडत होता, वीज गेल्यानं टीव्ही बंद होता आणि चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजत होता. नीवेस पातेलं ढवळता ढवळता त्याच्याकडे न बघताच म्हणाली,

"त्या दिवशी तू आधी माझ्याकडे आला नाहीस. तुकडा उचललास."

बोर्तोलोला हे कधीतरी येणार हे माहीत होतं. कोर्टात त्यानं बाद माल घरी आणल्याचं कबूल केलं होतं, पण खाणीतलं कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. टायर, दोरी, काठोकाठ दारू, पिठासारखी दारू. काळी कड, लख्ख कड. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, मधेच अडखळायचा, पण त्यानं काही गाळलं नाही. नीवेस ढवळायची थांबली होती.

"एकदाच करून थांबला असतास तर?"

"टिकलं असतं. एकदाही नसतं केलं तरी टिकलं असतं. तुझ्या एवढ्याशा दारूला ते माझ्या मागंही चाललं असतं."

"मग तीनदा कशाला?"

"भीती वाटायची, पोरी. तुझा चेहरा दिसायचा मला."

 पोलेंटा तळाला लागायला लागला तेव्हा तिनं पातेलं उतरवलं आणि लाकडी पाटावर उपडं केलं. पिवळ्या ढिगातून वाफ निघत होती. बोर्तोलो टेबलाच्या कडेला धरून बसला होता. तिनं शिव्या दिल्या असत्या, ताट फेकलं असतं, तर त्याला हलकं वाटलं असतं.

"मी दुकानातलं घेतलं असतं," नीवेस म्हणाली, "तर तू माझ्याबरोबर रोज तळघरात बसला असतास?"

खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"नाही."

"ठाऊक होतं मला. शिक्का नाही हेही ठाऊक होतं. तुला नको म्हणाले असते तर तू दुसऱ्या दिवशी परत टीव्ही लावला असतास. म्हणून बरं म्हणाले."

बोर्तोलोनं तोंडावर हात घेतला. तो रडत होता की काय ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. नीवेसनं खणातून दोरा काढला. आमच्याकडे पोलेंटा दोऱ्यानं कापतात, दोन्ही टोकं चिमटीत धरून, खालून वर. तिनं एक टोक डाव्या हातात धरलं. दुसरं उजव्या चिमटीत काही केल्या राहीना, दोनदा निसटलं. बोर्तोलो ते टोक धरायला उठला.

"राहू दे, जमतं मला," ती म्हणाली. तिनं ते टोक न वाकणाऱ्या अंगठ्याला दोन वेढे देऊन गुंडाळलं आणि ओढलं. दोरा कातडीत रुतला, अंगठा पांढरा पडला. तिला काही दुखलं नाही. तिनं पहिला तुकडा बापाच्या ताटात ठेवला.